कट्ट्याच्या पाटीवर माझं नाव

चाळिशी उलटल्यावर माझ्या मैत्रिणी तीर्थयात्रेला जातात. मी व्हिडिओ गेम खेळायला मालवणजवळच्या कट्ट्याला, माझ्या शाळेच्या गावाला निघाले. शाळेत असताना स्टॉपवर एस.टी.ची वाट बघत मी दत्ताकाकांच्या गेम पार्लरच्या दारातून नुसती बघायचे. मुलींनी आत जायची पद्धतच नव्हती. तिथलं एक मशीन अजून चालतं असं कळलं आणि मी सरळ रजा टाकली.

कोल्हापूरहून फोंडा घाट, कणकवली, मग कसालला मालवणचा फाटा. खड्डे धरून चार तास. एस.टी.ने आलात तर बायकांना अर्धं तिकीट. कट्ट्याला उसळपाव चाळीस रुपये, पण तिखट झेपणाऱ्यांनीच त्याच्या वाटेला जावं.

पार्लरमध्ये आता नारळ आणि खताची पोती. "सहा मशिनां होती," दत्ताकाका म्हणाले. "पार आरोंद्यासून लोक येयत. मगे घराघरात टीव्हीवरचे गेम इले, मगे मोबाईल. पाच भंगारात गेली."

सहावं वाचलं एका बल्बमुळे. दमट हवेत आतले भाग गंजू नयेत म्हणून, गिऱ्हाईक नसतानाही, दर पावसाळ्यात त्यांनी पेटीच्या आत बल्ब पेटता ठेवला.

वीज गेली की मशीन गुणांचे आकडे विसरतं, म्हणून भिंतीवर पाटी. पहिले पाच खेळाडू, नाव-गाव, खडूने. सगळे पुरुष. सर्वांत वर अर्थातच दत्ताकाका, बारा हजार चारशे.

"माका थंय नाव व्हया," मी म्हटलं.

"माझो आकडो मोड. मी स्वतः लिवतंय," ते हसले आणि मशीनला चालणारी जुनी, मोठी रुपयाची नाणी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

खेळ आकाशातून उतरणारी यानं पाडायचा. पहिल्या तीन डावांत शोभा झाली. पण कुठलं यान कधी, कुठून उतरतं ते दारातून बघून बघून मला पाठ होतं. सवय नव्हती ती फक्त हाताला. सातव्या डावात तीही झाली. बारा हजार सहाशे पन्नास! मी अशी ओरडले की स्टॉपवरच्या बायका धावत आत आल्या.

दत्ताकाकांनी स्वतःचं नाव पुसून एक ओळ खाली घेतलं. "गाव खंयचा लिवू?"

"कट्टा."

मुक्काम समुद्राकाठच्या देवबागला केला. खोली अठराशे, बांगडा ताजा, आणि मी हवेत.

घरी येऊन आठवडा झाला. बोटावरचा फोड बरा झाला, फुशारकी अजून नाही. काल काकांचा फोन आला. "तुझां नाव खाली इलां गो. त्या दिवशी स्टॉपावरसून धावत इलली शालू मास्तरीण, तिना आकडो मोडल्यान."

मी पुन्हा तेवढ्याच जोरात ओरडले. इतकी वर्षं त्या पाटीवर एकाही बाईचं नाव नव्हतं. आता वरच्या दोन्ही ओळी आमच्या आहेत.