कोंडीबाला पुकारलं तेव्हा

गोजरबाई तारेच्या आत जन्मली. सोलापूरच्या सेटलमेंटभोवती तेव्हा काटेरी तार होती, आणि आतली कैकाडी-पारध्यांची माणसं जन्मतःच गुन्हेगार, असा कायदा होता. सकाळ-संध्याकाळ हजेरी. साहेबानं नाव पुकारलं की उठायचं, ‘हजर’ म्हणायचं. तिचा बाप कोंडीबा आतच मेला. पुढं स्वराज्य आलं, तार निघाली, कायदाही गेला. कुठं राहता विचारलं की माणसं मात्र अजून चाचरत.

चौऱ्याहत्तर साली सिद्धनाथ नावाचा एक तरुण कॅमेरा घेऊन वस्तीत आला. त्याला त्या तारेवर फिल्म करायची होती, आणि तीत हजेरीही पुन्हा उभी करायची होती. बरीच माणसं दारं लावून बसली. गोजरबाई अंगणात टोपली विणत होती.

“पडद्यावर नाव सांगनार आमचं?”

“तुम्ही म्हणाल तर.”

“मग काढ. पर हजेरीत माज्या बापाला पुकारायचं.”

“ते तर नाहीत ना, मावशी?”

“न्हाय म्हनूनच. पुकारायचं आन् जरा थांबायचं.”

तिचा मुलगा कुंडलिक ऑफिसात कारकून. तिथं त्यानं आपण मैंदर्गीचे शेतकरी असल्याचं सांगून ठेवलं होतं.

“आये, चोराची लेक म्हणून मिरवायचं हाय व्हय? उद्या ऑफिसात कुठल्या तोंडानं बसू मी?”

“ह्याच. तुज्या आज्याचंच हाय ते.”

शूटिंग संपेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.

थंडीत शाळेच्या मैदानावर पडदा लागला. कुंडलिक फाटकापाशीच थांबला, कुणाला न दिसता निघून जाता यावं म्हणून. पण ऑफिसातले दोघं तिथंच येऊन उभे राहिले. ते सिनेमा बघायला आले होते.

पडद्यावर गोजरबाई बोलली, टोपली विणता विणता, सरळ कॅमेऱ्याकडं बघत. मग हजेरी सुरू झाली. साहेबानं पहिलं नाव पुकारलं, “चंद्रव्वा!” आणि मैदानात बसलेली म्हातारी चंद्रव्वा खरोखरच उठली. “हजर!” तिच्यामागोमाग आणखी चार-पाच म्हातारी माणसं उभी राहिली. पोरं खिदळली.

“आज्ये, बस की! पिच्चर हाय ह्यो!”

“ठावं हाय रं. पाय ऐकत न्हाईत.”

“कोंडीबा!”

पडद्यावर कुणी उठलं नाही. नुसती रिकामी जमीन दिसत राहिली.

“कोंडीबा!”

हसणं थांबलं. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“हजर.”

आवाज फाटकाकडून आला. माना वळल्या. ऑफिसातल्या एकानं हळूच विचारलं, “तुझं कोण रे हे?”

“आजा. हितंच तारेच्या आत मेला,” कुंडलिक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आन् मघाशी बोलली ती माजी आई.”

तो गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि तिच्याशेजारी मातीत बसला. गोजरबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मान ताठ, नजर पडद्यावर.

“इस्तरीची विजार मळंल की.”

“मळू दे,” तो म्हणाला, आणि पुढच्या नावाकडं कान देऊन बसला.