बिनशेपटीची अक्षरं

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नडात. पण बेंगळुरात पस्तीस वर्षं मी इंग्रजी बोर्ड रंगवले आणि चांगले रंगवले. बायकोला जाऊन आता दोन वर्षं होतील. लोक म्हणतात, स्वयंपाक छान करायची. करायची. पण ते कुणीही सांगेल. मी हे सांगतो.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मल्लेश्वरमकडं एक नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथल्या साहेबानं छापील लेटरहेड हातात दिलं. "अक्षर असंच पाहिजे. फुलं नकोत, शेड नको. पहिला बोर्ड इमर्जन्सीचा. पसंत पडला तर सगळे मजले तुमचे, नाहीतर मशीनवर अक्षरं कापणाऱ्याला देतो."

अक्षरं सरळसोट. शेपटी नाही, सगळीकडं एकच जाडी. मला वाटलं, यात काय आहे? मग कळलं. फुलाखाली, शेडखाली चूक झाकते. हे अक्षर उघडं असतं. हात स्वल्प हलला की दिसतं.

कागदावर चौकोन आखले, तेच बोर्डावर मोठे केले, मधल्या जागेसकट सगळं हुबेहूब उतरवलं. चामराजपेटात आमच्या घरासमोर बोर्ड उभा केला. बायको रस्त्यापलीकडच्या दुकानातनं दोरा घेऊन येत होती, तिथंच थांबली. ती बायकांचे ब्लाउज शिवायची. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

"अहो, दात पडल्यासारखं दिसतंय!"

"कागदाप्रमाणं आहे. मोजून बघ."

"कागद हातात धरून बघायचा, हा रस्त्यावरनं. पोरीच्या झग्याचं माप दुप्पट केलं की काय बाईचा ब्लाउज होतो?"

मी चिडलो. "तुला वाचता तरी येतं का?"

"नाही येत, म्हणून भोकं दिसतात. तुम्ही वाचत बसता."

पलीकडं जाऊन बघितलं. भांडण झाल्यासारखी अक्षरं लांब लांब उभी. गपगुमान सगळ्यावर पांढरा रंग मारला. दुसऱ्या दिवशी ती पलीकडनं हात करायची, "स्वल्प जवळ... अजून... सरी, बरोबर!" आणि मी खडूनं आखायचो. गोल अक्षर तिनं शेजाऱ्याला जवळजवळ चिकटवलं, दोन उभी मात्र जरा दूर ठेवली.

बोर्ड हॉस्पिटलच्या दाराशी नेऊन उभा केला. साहेब पट्टी घेऊनच आला. मोजलं. "अण्णा, हे कागदाप्रमाणं नाही. प्रत्येक अंतर वेगळं!"

काम गेलं, असंच वाटलं. म्हटलं, "साहेब, पट्टी ठेवा. रस्त्यापलीकडं चला."

बसेस, ऑटो मधनं जात होते. तो बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिला. मग कागद घडी करून खिशात घातला.

"हे कुणी सुचवलं?"

‘मीच’ म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "बायकोनं. ब्लाउज शिवते."

साहेब हसला नाही. "मग बाकीचे बोर्डही अक्कांना दाखवूनच आणा."

सगळे मजले मी रंगवले. त्यातले सात बोर्ड तिनं नापास केले. बरोबरच केलं तिनं.