मंद उजेडांची मोजणी

मोठ्या दुर्बिणीवर ढग होते, हे मला सकाळी पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये ईमेल उघडल्यावर कळलं. आमचा निरीक्षणाचा शेवटचा स्लॉट वाया गेला होता.

मी खगोलशास्त्रज्ञ होते. दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं. एखादा तारा त्याच्या फार जवळ गेला की फाटतो, त्याचा वायू तापतो, काही महिने उजेड पडतो आणि विझतो. हे उजेड किती प्रखर असतात, किती वेळा होतात, हे आम्ही मोजत होतो. प्रखर थोडे, मंद जास्त. म्हणजे सगळा हिशोब मंद उजेडांवर. नेमके तेच दीर्घिकेच्या स्वतःच्या प्रकाशात बुडतात.

आमच्याकडे असे काही मंद ठिपके होते. पण तारा फाटला होता, की कृष्णविवराभोवतीच्या वायूची नेहमीची लुकलुक होती? ते ठरवायला स्पेक्ट्रम लागतो. प्रकाश रंगांत पसरवून बघायचा. ते काम मोठ्या दुर्बिणीचंच.

मी सरांना फोन केला. प्रोजेक्ट त्यांचा होता. पुढच्या सीझनला पुन्हा अर्ज करू, म्हणाले.

"तोवर विझतील सर ते."

"माहितीये. प्रखर तेवढे ठेव. आकड्याआधी 'किमान' लिही."

तसं लिहिलं. प्रोजेक्टच्या मुदतवाढीच्या मीटिंगमध्ये कमिटीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, किमान ठीक आहे, जास्तीत जास्त किती? सांगता येत नाही, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुदतवाढ मिळाली नाही, आणि प्रोजेक्टबरोबर माझं कामही संपलं.

नवरा, संदीप, चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आला, तेव्हा मी अजून जुन्या फोटोंतले तेच ठिपके बघत बसले होते. आणखी कुणाला तरी विचारून बघ, म्हणाला.

"कुणाला विचारू? ते उजेड आता तिथे नाहीतच."

तो बूट न काढता शेजारी बसला. मला रडूही येईना.

आता मीही चाकणला जाते. कंपनीत कॅमेऱ्याने ब्रेकचे पार्ट तपासायचं सॉफ्टवेअर बघते. पगार बरा आहे. ते ठिपके काय होते, हे आता कुणालाच कळणार नाही. इथे शंका आली की पार्ट उचलून परत कॅमेऱ्याखाली ठेवता येतो. मोजायचंच असेल, तर परत हाती येणारी वस्तू मोजावी.