मोठी घंटा वर थांबते तेव्हा

झोर्का पॉडलोगार आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. ती राजधानीत, ल्युब्ल्यानाला जाऊन संगणकशास्त्रज्ञ झाली. मी इथेच, चर्चच्या मनोऱ्याखालच्या घरात राहिले. शुक्रवारी संध्याकाळी तिची गाडी येऊन लागली की पुढचे दोन दिवस ती संगणकाचं नावही काढत नसे. घेवड्याच्या शेंगा सोलायला माझ्या शेजारी बसायची, पण मांडीवर चौकटीच्या कागदाची वही असायची. वहीत पानांमागून पानं एक, दोन, तीन एवढेच आकडे.

एक म्हणजे धाकटी घंटा, दोन मधली, तीन मोठी. आमच्याकडे गावच्या संताच्या सणाआधीच्या दुपारी वाजवणारे मनोऱ्यात चढतात, घंटांच्या आतले लोळे हातात धरतात आणि ताल धरतात. मुख्य नियम एकच, दोन घंटांचे ठोके एकमेकांवर पडता कामा नयेत. एवढ्याशा नियमात किती चाली बसतात, हे मोजत बसण्याचा झोर्काला नाद. गणित आणि गाणं तिच्या डोक्यात एकाच खोलीत राहत असावं.

तिचे वडील व्हिन्को तीस वर्षं घंटा वाजवत. एका हातात धाकटी, दुसऱ्या हातात मधली. त्यांची स्वतःची एक चाल होती. कुठे लिहिलेली नाही, कुणी ध्वनिमुद्रित केलेली नाही, आणि ते गेल्यावर कुणी वाजवलीही नाही. झोर्काला ती स्वप्न आठवावं तशी आठवायची. ऊन खाल्लेल्या गवताचा वास, मिटत चाललेले डोळे, वरून येणारा नाद. आणि मध्येच कुठेतरी, अंधारात पायरी नसावी तसा पोटात एक खड्डा. गुणगुणायला गेली की नेमकं तिथेच सगळं निसटायचं.

यंदा तिला घाई होती. व्हिन्कोंच्या जोडीला मनोऱ्यात असणारे टिंचेकाका एक्क्याऐंशीचे झाले होते आणि सण आटोपला की मुलीकडे, मारीबोरला कायमचे राहायला जाणार होते. ती चाल ऐकून ओळखेल असं त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. म्हणून झोर्कानं शेवटी संगणकालाच कामाला लावलं. नियमात बसणाऱ्या सगळ्या चाली काढल्या, सारख्याच वाटणाऱ्या गाळून एकशे बारा ठेवल्या, आणि तीन शनिवार माझ्या स्वयंपाकघरात एकेक करून काकांना ऐकवल्या.

काका दह्याच्या सारणाच्या वळकट्या खात ऐकायचे. ही शेजारच्या गावची, म्हणायचे. ही लग्नात वाजवायचे. ही कुणाचीच नाही, तुझ्या यंत्राची आहे. तिसऱ्या शनिवारी एकशे बारावी संपली तेव्हाही त्यांनी मान हलवली.

झोर्कानं वही मिटली. "काका, नियमातली एकही चाल मी सोडलेली नाही. म्हणजे बाबा नियम मोडत होते."

काकांचा काटा ताटलीवर आपटला. "व्हिन्कोनं जन्मात ठोक्यावर ठोका घातला नाही. तुझी मोठी घंटा उभी का आहे, ते आधी सांग."

"उभी म्हणजे?"

"जागच्या जागी. घड्याळासारखी मोजून वाजते. अगं, त्या चालीत मोठी झुलायची. दोर मी ओढायचो, खालच्या मजल्यावरून." त्यांनी हात वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. "इतकी वर जायची की क्षणभर तिथेच थांबायची. त्या थांबण्यात तुझा बाप दोन ठोके घालायचा."

झोर्का त्या हाताकडे बघत राहिली. तिनं प्रत्येक ठोक्याला सारखी चौकट दिली होती. थांबण्याला तिच्या वहीत जागाच नव्हती. नंतर हळूच म्हणाली, की आता मोटर आहे, ती घंटेला जेमतेम कंबरेइतकी वर नेते.

सणाआधीच्या दुपारी फादरनी पंधरा मिनिटं मोटर बंद ठेवायचं कबूल केलं. जुना दोर अजून लटकत होता. डॉक्टरनी जिने चढू नका म्हटलंय, अशी मी काकांना आठवण करून दिली.

"मी ओढणार आहे, चढणार नाही," ते म्हणाले. "चढवायला तू आहेस."

मी आणि झोर्कानं त्यांना पायरी पायरीनं वर नेलं. ते दोराशी, झोर्का वर घंटांपाशी, आणि मी मधल्या जिन्यात. मला त्यांचे बूट दिसत आणि तिच्या स्कर्टची कड. त्या दोघांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं. व्हिन्को आणि काकांनाही तीस वर्षं दिसलं नव्हतं.

आधी घंटा नुसती हलली, आवाज नाही. मग खोल, जड ठोका आला आणि भिंत माझ्या पाठीत घुमली. झोर्का लोळे धरून थांबलेली. काका ओढत होते, सोडत होते, पुन्हा ओढत होते. आणि मग मोठी घंटा वर गेली ती राहिलीच. वाटलं, झरोक्यातल्या उन्हातली धूळसुद्धा थबकली. त्या रिकाम्या जागेत दोन हलके ठोके पडले, अनवाणी पावलं कुणी सांभाळून टाकावीत तसे. मग मोठी परत आली. माझ्या पोटात खड्डा पडला, तेव्हा झोर्का इतकी वर्षं काय सांगत होती ते मला कळलं.

असं चारदा झालं. मग काकांचे हात थकले, घंटा खाली खाली झुलू लागली, वरचं थांबणं गेलं. झोर्कानं लोळे सोडून दिले आणि मोठीला एकटीलाच वाजू दिलं.

ती खाली आली तेव्हा काका तुळईवर बसून धापा टाकत होते.

"दुसऱ्या वेळी घाई केलीस," ते म्हणाले.

"हो."

"व्हिन्को घाई करत नसे." त्यांनी रुमालानं मान पुसली. "पण तीच होती."

झोर्का त्यांच्या बुटांशी, धुळीतच बसली. मग तिनं विचारलं, पुढच्या वर्षी दोर कोण ओढणार? काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हिचे दंड बरे आहेत," ते म्हणाले. "ये गं इकडे. ओढायला काय, कुणीही ओढतं. ती वर पोचली की ओढायचं नाही, ते शिकायचं असतं."

मोटर सुरू व्हायला अजून चार मिनिटं होती. झोर्का उठली आणि पुन्हा जिना चढू लागली. मी दोर धरला; तो काकांच्या हातांनी अजून गरम होता.