बटणाच्या सरळ वर

फ्यूजकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असायचा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांनीच केलेलं, त्यामुळे त्या घरांच्या भिंती आपल्याच मालकीच्या आहेत अशा थाटात ते वावरायचे. भिंतीतला पाइप बटणापासून सरळ वर जातो, तेवढी पट्टी सोडून कुठेही काय हवं ते टांगा, हे त्यांनी गल्लीतल्या पोरासोरांकडूनसुद्धा घोकून घेतलं होतं. त्या पट्टीत कुणाकडे खिळा दिसला की चहा तसाच राहायचा आणि त्या घराचा उद्धार सुरू व्हायचा.

ते माझ्या वडिलांचे जिवाभावाचे मित्र. वडील गेले आणि काही महिन्यांनी आमच्याकडे फ्यूज उडायला लागला. काका नवी तार घालून जायचे, आठ-पंधरा दिवस बरे जायचे, की पुन्हा अंधार. त्यांनी मिक्सर उघडला, पंखा उतरवला, होल्डर बदलले. काही केल्या दोष सापडेना.

शेवटी दादाचा धीर सुटला. आई एकटी राहते, उद्या आग लागली तर काय करायचं, असं म्हणून त्याने तिला आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवून टाकलं. आईला हे घर सोडायचं नव्हतं. ती नुसती भांडी आपटत राहिली. मग काकांनीच रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. रविवारी आम्ही दोघंही आलो, दादा मोकळी सुटकेस घेऊनच.

त्या दिवशी काकांनी टेस्टरला हातसुद्धा लावला नाही. आईला म्हणाले, तुमची रविवारची कामं रोजच्यासारखी करा, मी नुसता बसतो. वडील गेल्यापासून ते नेहमी बसायचे तसे वडिलांच्या फोटोच्या भिंतीकडे पाठ करून बसले. आईने केर काढला, मिक्सर लावला, पाण्याची मोटर चालवली. सगळं सुरळीत. दादा घड्याळ बघायला लागला. मग आईने फडकं घेऊन वडिलांचा फोटो पुसला आणि चौकट दाबून सरळ केली. चट्. पंखा बंद.

काका वळले. फोटोच्या सरळ खाली बटणांचा बोर्ड होता.

त्यांनी मेन स्विच बंद केला, फोटो उतरवला, पकडीने खिळा उपटला. टोक जळून काळं पडलं होतं. तो खिळा कुणी मारला होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने तोंड उघडलं, पण मी डोळे वटारले. काकांनी खिळा तळहातावर घेतला.

"वहिनी," ते म्हणाले, "हा खिळा मारला त्या दिवशी मला भिंत दिसतच नव्हती."

त्यांनी पाइपातून नवी वायर ओढली. फोटोची नवी जागा हातभर बाजूला खुणेने दाखवली आणि हातोडी दादापुढे धरली. आता तूच मार, माझा भरवसा नाही, म्हणाले. आईने ती हातोडी मधल्या मध्ये घेतली आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिली.

"खिळा तुम्हीच मारायचा, भावजी. आधी डोळे पुसा."

दादा मोकळी सुटकेस घेऊन परत गेला. आई शेवटपर्यंत त्याच घरात राहिली आणि फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. आता तीही नाही, काकाही नाहीत. खिळा मारायच्या आधी माझी नजर अजून खाली बटणाकडे जाते, आणि काकांची फार आठवण येते.