निवांत शब्दाची व्युत्पत्ती, मुक्काम पनवेलची खाडी

‘निवांत’ या शब्दाचा अर्थ मला कमरेपर्यंत चिखलात रुतल्यावर कळला. त्याआधी चार वर्षं मी तो पनवेलच्या शाळेत मुलांना शिकवत होतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. उलव्याला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. आई, बायको इंदू आणि मी धर्मा नाखव्याच्या शिडाच्या होडीतून सकाळी पनवेल बंदरातून निघालो. आईचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. मी मात्र पुण्याला मामाकडे वाढलो, त्यामुळे खाडीची मला जबर भीती. (हे इंदूला माहीत नव्हतं. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते.)

होडी डुलली की मी काठ घट्ट धरायचो. भीती लपवायला मी व्याख्यान सुरू केलं.

“इंदू, निवांत शब्द कुठून आला ठाऊक आहे? ‘निवात’वरून. वात म्हणजे वारा. जिथे वारा नाही तिथे दिव्याची ज्योत हलत नाही. तसं मन हललं नाही, की माणूस निवांत.”

इंदू कौतुकाने बघत होती. मी आणखी फुलणार, तोच शीड लोंबलं.

“वारा पडला,” धर्मा म्हणाला.

“म्हणजे आता निवांत,” मी म्हणालो.

“कसला निवांत, मास्तर? वारा नाय तं आमचा जीव टांगनीला. ओहोटी लागलीय.”

त्याने वल्ही मारून पाहिली, पण पाणी आमच्यापेक्षा लवकर निघून गेलं. होडी चिखलात बसली आणि एका अंगाला कलली. “भरती येईस्तवर आता हितंच,” असं म्हणून धर्माने विडी पेटवली.

लाकूड करकरत होतं. होडी उलटणार, अशी माझी खात्री झाली. पन्नास पावलांवर मिठागराचा बांध दिसत होता. “मी मदत आणतो,” असं म्हणून मी खाली उतरलो. (मदत कसली, मला पायाखाली जमीन हवी होती.)

पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी, तिसऱ्याला कंबर. एक पाय उपसायला जावं, तर दुसरा आणखी खाली. धर्माने दोर टाकून ओढलं. माझे खांदे वर आले, बाकीचा मी तिथेच. तासभर हे चाललं. मग लांबून पाण्याची चकचकीत रेघ सरकत येताना दिसली, आणि मी ओरडत पाय झाडायला लागलो.

तेव्हा आईने पदर खोचला, होडीतली फळी चिखलावर टाकली आणि तिच्यावर पालथी सरकत माझ्यापाशी आली.

“पाय झाडू नको.”

“आई, मी मरतोय.”

“मरत नायस, बोंबलतोयस. मागं रेल. अंग सोड.”

“पाणी येतंय गं.”

“येऊ दे. निवांत पड.”

मी डोळे मिटून मागे पडलो. गार चिखल कानात शिरला. छाती इतकी धडधडत होती, की तिनेच मी खाली जाईन असं वाटलं. पण हळूहळू पाय सैल झाले. आईने बगलेत हात घालून मला उपसलं. धोतर तेवढं खाडीने ठेवून घेतलं.

भरतीवर होडी उचलली आणि दुपारी आम्ही उलव्याला लागलो. धर्माच्या अंगावर जेवढं होतं, त्यात एकाचंच भागत होतं. म्हणून मला इंदूचं बारशासाठी आणलेलं लुगडं नेसवण्यात आलं. मिशी झाकेल असा पदर ओढून मी उतरलो. धक्क्यावर बहिणीच्या सासूबाई उभ्या होत्या.

“मास्तर नाय आले? नि ही पावनी कोन?”

“त्यांना शाळेत काम निघालं,” इंदू म्हणाली. “या माझ्या आत्याबाई. फार बोलत नाहीत.”

ते बारसं मी बायकांत बसून पाहिलं. पाळण्याची दोरीही ओढली. निघताना सासूबाईंनी माझी खणानारळाने ओटी भरली, आणि इंदूला म्हणाल्या, “लय गरीब सभावाची बाय हाय गो. मास्तरांसारखी बडबड नाय.”