तेवीस नंबरची रिकामी जागा

वरातीत ढोल थांबला की नाचणारे अंगावर येतात. त्यामुळं वाजवताना कुठं रिकामी जागा दिसली की आमच्या ढोलवाल्याचे हात शिवशिवतात. त्याला चार मात्रा गप्प बसवायला मला महिना लागला, आणि तरी भरवसा नव्हता. जित्याची खोड ती.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्यासाठी मी आमच्या ब्रास बँडची एक धून बांधली होती, शाळेच्याच दिवसांवर. आधी घंटा, मग प्रार्थना, मग हजेरी. नंबर मी तोंडानं पुकारायचा आणि एकेका वाद्यानं एका सुरात 'हजर' म्हणायचं. तेविसाला मात्र चार मात्रा कुणीच वाजवायचं नाही. चोविसाला माझा ट्रम्पेट.

तेवीस नंबर माझ्या आक्काचा. आमची नावं एकाच दिवशी घातलेली, म्हणून पटावर शेजारी. सातवीत असताना बाप म्हणाला, "मेंढरांमागं एक जण लागंल." माझ्याकडं बघून म्हणाला होता. मी ताटात बघत बसलो. दुसऱ्या दिवशी आक्का शाळा सोडून मेंढरांमागं गेली. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते. तिला तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून हा बँडचा खटाटोप. भित्रेपणाच, दुसरं काय.

आक्का डिंभ्याहून यायची होती आणि एसटीचं काय खरं असतं? आमच्या बँडचं नाव पुकारलं तरी मी ट्रम्पेट पुसतच बसलो.

"राव, किती पुसताय, झिजंल त्ये," ढोलवाला म्हणाला.

तेवढ्यात ती फाटकातून आली. पुढं खुर्च्या मोकळ्या होत्या, पण ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली. मी फडकं खिशात कोंबलं आणि सुरू केलं.

पहिल्या रांगेत आमच्या वर्गाच्या बाई बसल्या होत्या, आता पार थकलेल्या. त्यांची एक रीत होती. ओ आली नाही तर नंबर दुसऱ्यांदा पुकारायचा आणि मगच गैरहजेरी मांडायची. धून बांधताना नेमकं हेच मी विसरलो होतो.

वीस, एकवीस, बावीस. सगळे वाजले. मी "तेवीस" म्हणालो. ढोलवाल्यानं काठ्या काखेत दाबून धरल्या. एक मात्रा गेली. दोन.

"तेवीस?" बाईंचा आवाज आला, तसाच करडा.

मी आक्काकडं बघितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हजर, बाई."

"मग मागं का उभी? पुढं येऊन बस."

आक्का आली आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आता ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी "चोवीस" म्हणालो आणि ट्रम्पेट ओठाला लावला. फुंकायला छातीत वाराच उरला नव्हता. एक मात्रा गेली, दोन गेल्या, आणि मग ढोलवाल्यानं न सांगता माझी जागा भरून काढली.